कुशाबाईची दहा मिनिटं

सणसरात लाईट गेली की सगळं गाव तोंड वर करून शिव्या देतं, आणि एकटी कुशाबाई हात जोडते. गावाला लाईट यायला हवी असते. कुशाबाईला ती गेलेलीच बरी वाटते. कारण सरळ आहे. लाईट गेलेली म्हणजे तारेत काही नाही, आणि तारेत काही नाही म्हणजे खांबावर चढलेला तिचा धाकटा भाऊ झुंबर निदान तेवढ्यापुरता तरी जिता आहे.

झुंबर वायरमन. वय त्रेपन्न, नोकरी एकोणतीस वर्षांची, पोट थोडं सुटलेलं. पण खांबावर चढताना ते कुठं लपवतो कोण जाणे. नाव झुंबर ठेवलं तेव्हाच आईबापानं विचार करायला हवा होता, वर टांगलेला राहणार नाहीतर काय, असं कुशाबाईचं मत. नाव आजीनं ठेवलं होतं. पण आजी वारल्यामुळं ठपका ठेवायला सोपी, म्हणून कुशाबाई हल्ली तिलाच धरते.

दोघं पणदऱ्याची. बहीण आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर खुरपायला, त्यामुळं झुंबर वाढला तो अक्काच्या कडेवर. घरात लाईट नवी नवी आली तेव्हा हा पाच वर्षांचा. त्यानं अक्काच्या केसांतली पिन काढली आणि बोर्डाच्या भोकात घातली. लाईटीनं त्याला उंबऱ्यापर्यंत फेकला. उंबऱ्यापासून अंगणापर्यंत कुशाबाईनं केरसुणीनं नेला. त्यातला पहिला धक्का आपल्याला आठवत नाही, दुसरा आठवतो, असं झुंबर अजून सांगतो.

ज्या लाईटीनं लहानपणी लाथ मारली, तिच्याच दारात हा मोठेपणी नोकरीला लागला. "पुरुषाच्या जातीचं असंच असतं," असं कुशाबाईचे मालक आप्पासाहेब म्हणतात. पण ते कुशाबाई गोठ्यात असताना. आणि आधी वाकून बघून.

झुंबरची बरीच नोकरी बारामतीकडं झाली. तेव्हा कुशाबाईला काळजी होती, पण बेतानं. जे दिसत नाही ते माणूस विसरतं. चार वर्षांपूर्वी त्याची बदली झाली ती नेमकी सणसरला. गावानं तिचं अभिनंदन केलं. भाऊ हाताशी आला! पण कुशाबाईची झोप उडाली ती त्याच दिवशी. तिची वस्ती कॅनॉलकडंला, घर दुमजली, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. त्या टाकीला धरून उभं राहिलं की चारी बाजूंचे खांब दिसतात. झुंबरची पिवळी टोपी एका मैलावरून ओळखते ती. शेजारच्या कारभारणीचा चेहरा ओळखायला तिला चष्मा लागतो, पण भावाची टोपी बिनचष्म्यानं दिसते.

झुंबरची बायको विनया मात्र निवांत. ती बारामतीत राहते, मुलांच्या शिक्षणासाठी. कुशाबाईनं एकदा तिला फोनवर झाडलं होतं.

"नवरा तारेवर, आणि तू मालिका बघतीस?"

"वन्सं, मी न्हाय बघितली तर ते तारेवरनं उतरतील का?"

कुशाबाईनं फोन ठेवला आणि पंधरा दिवस तिला परत लावला नाही.

तर दहा मिनिटं. सबस्टेशनवर लाईट सोडणारा ऑपरेटर म्हणजे हिंदुराव. रीत अशी की वायरमन खांबावर चढण्याआधी हिंदुराव लाईन बंद करतो, वायरमन काम उरकून खाली उतरतो, फोन करतो, मग हिंदुराव लाईन सोडतो. एवढ्यावर जग चालतं. कुशाबाईचं चालेना. झुंबरचा फोन आला म्हणजे झुंबर उतरला कशावरून? खांबावरनंच फोन केला असेल तर? तो आधीपासूनच घाईचा. म्हणून तिनं हिंदुरावाला अट घातली. झुंबरचा फोन आल्यावर त्यानं दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात ती गच्चीवरून भाऊ जमिनीवर आहे का बघणार, दिसला नाही तर त्याला फोन करून आवाज ऐकणार, आणि मग हिंदुरावाला कळवणार. हिंदुरावानं आधी नियम सांगितला. मग कुशाबाईची काळी गाय व्याली आणि दोन वेळा खरवस पोचला. नियमाला चीक लागला की तो मऊ पडतो.

तेव्हापासून गावात लाईट दहा मिनिटं उशिरा येते. सलूनवाला मोहित गिऱ्हाइकाला सांगतो, "अर्धी दाढी झाली, अर्धी कुशाबाईनंतर." मागं एकदा क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असताना लाईट गेली. झुंबरनं बिचाऱ्यानं पळत जाऊन फ्यूज टाकला. पण दहा मिनिटं ती दहा मिनिटंच. लाईट आली तेव्हा पडद्यावर फटाके उडत होते आणि कुणी जिंकलं ते कळायला आणखी जाहिराती बघाव्या लागल्या. पोरं तावातावानं वस्तीवर आली. कुशाबाईनं सगळ्यांना चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा भाऊ खांबावर होता?" पोरं चहा पिऊन गेली.

आता राखीकडं येऊ, कारण सगळं रामायण त्या राखीपायी घडलं.

गेल्या नारळी पौर्णिमेला झुंबर येणार होता. ऐन वेळी कुठंतरी खांब वाकला आणि तो तिकडं गेला. कुशाबाई ताट सजवून बसली होती. दुपार झाली, चार वाजले, निरांजन दोनदा विझलं. सहाला झुंबरचा फोन. "अक्का, आज न्हाय जमायचं गं." कुशाबाईनं फोन ठेवला. ताट उचललं, पडवीत गेली. तिथं भिंतीवर मेनस्विचचा लोखंडी डबा, त्याच्या बाजूला वरखाली करायचा दांडा. त्या दांड्याला तिनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि राखी बांधली. चांगली तळहाताएवढी, लाल स्पंजाची, वर सोनेरी फूल. दोन्ही दोरे दांड्यावरून घेऊन डब्याच्या वरच्या हुकाला असे आवळले की दांडा जागचा हलू नये.

आप्पासाहेब सुपारी कातरत बघत होते. "हे काय?"

"भाऊ येत न्हाय घरात. लाईट येती ना? ज्याच्या जिवावर येती त्याची राखी तिलाच."

"मग ओवाळणी पण मेनलाच माग."

"मागणार. बिल कमी येऊ दे म्हणून."

तिनं घरात जाहीर केलं की ही राखी आपणहून गळून पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काढणं म्हणजे अपशकुन. आणि वायरमनच्या बाबतीत अपशकुनाला फार लांबून यावं लागत नाही.

दिवाळीनंतर तिचा मुलगा ऋषिराज यानं जनरेटर आणला. तो बारामती एमआयडीसीत कामाला, रोज मोटरसायकलवर जातो-येतो. तिथल्याच मित्राकडनं जुना घेतला. घरी सहा गाई, दूध काढायचं मशीन, आणि ऐन धारेच्या वेळी लाईट जायची. त्यानं जनरेटरच्या वायरीला दोन्ही टोकांना पिना बसवल्या. एक टोक जनरेटरात, दुसरं गोठ्यातल्या बोर्डात, आणि दोरी ओढली की सगळ्या घरात उजेड. कुशाबाई खूश झाली.

"फक्त आई, आधी मेन खाली घ्यावा लागतो."

"का?"

"न्हाईतर आपली लाईट उलटी बाहेर तारेत जाती."

"जाऊ दे की. बाहेरची आत येती तवा आपण न्हाय म्हणतो का?"

ऋषिराजनं पुढचं वाक्य गिळलं. उलट गेलेली लाईट खांबावरच्या माणसाला मारते, एवढं जरी बोलला असता तरी जनरेटर त्याच दिवशी कॅनॉलमध्ये गेला असता आणि त्याच्या मागोमाग तोही. शिवाय राखीचा प्रश्न होता. म्हणून त्यानं आणि त्याची बायको श्रेयानं मधला मार्ग काढला. लाईट गेली की दोघांपैकी एकानं पडवीत जायचं, राखीची गाठ हुकावरून हळूच सरकवायची, दांडा खाली. काम झालं की दांडा वर, गाठ हुकावर, फूल होतं तसं समोर. कुशाबाईला वाटायचं, मेन वर ठेवूनच जनरेटर चालतो. आप्पासाहेबांना खरं माहीत होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक शिकून ठेवलं होतं. जे आपल्याला विचारलेलं नाही ते सांगायचं नाही.

दोन महिने हे छान चाललं. छान चालणाऱ्या गोष्टींकडं जरा संशयानं बघावं.

जानेवारीत आप्पासाहेबांच्या उसाला तोड आली. दोन ट्रॉल्या भरल्या, त्यात "आणखी चार मोळ्या बसतील, आणखी चार" करत थर चढत गेला. वस्तीच्या वळणावर तार जरा खाली आहे. वर बसलेला गडी बांबूनं ती उचलून धरतो आणि ट्रॅक्टर खालून निघतो. पहिल्या ट्रॉलीला तार उचलली. दुसरीला त्यानं बांबू खाली टाकून तंबाखू मळायला घेतली होती. तार उसात अडकली, ताणली आणि तुटली.

"चार मोळ्या कमी भरल्या असत्या तर काय कारखान्याची साखर आळणी झाली असती?" कुशाबाईनं नवऱ्याला विचारलं. "आता चढंल माझा भाऊ!"

आप्पासाहेबांनी मेव्हण्याला फोन लावला. साडेतीनला झुंबर आला. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, वस्तीपर्यंत तीन खांब, आणि त्या तारेवर कुशाबाईचं सोडून दुसरं घर नाही. मधल्या खांबाला शिडी लागली, ती धरायला ट्रॅक्टरवाला उभा राहिला. कुशाबाई गच्चीवर, टाकीला धरून, कानाला फोन.

"हिंदुराव, लाईन बंद हाय न्हवं?"

"बंद हाय अक्का."

"नक्की?"

"कागदावर सही करून देऊ का?"

"दे."

"अक्का, मी हितं खुर्चीतनं उठत न्हाय. लघवीला पण न्हाय जात. झालं समाधान?"

तिकडं झुंबरचं सोवळं चालू झालं. त्याचं कामच असं. आधी हातमोजे. मग टेस्टर लावून तार बघणार. मग पिशवीतून एक साखळी काढणार, तिचं एक टोक तारेला अडकवणार, दुसरं जमिनीत ठोकलेल्या गजाला. चुकून लाईट आलीच तर ती माणसात न शिरता त्या साखळीतून मातीत जावी, म्हणून. घाईतला माणूस ही साखळी पिशवीतच ठेवतो. झुंबरनं एकोणतीस वर्षांत कधी ठेवली नाही.

"बंद लाईनीला कसली साखळी?" कुशाबाई वरून नवऱ्याला म्हणाली. "गाय हाय का ती, पळून जायला? ह्या साखळीपायी पंधरा मिनटं जास्त लटकतोय वर. बावळट हाय, लहानपणापासनं."

झुंबर वर चढला, पट्टा खांबाला लावला आणि कामाला लागला. साडेचार झाले. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. श्रेया आईला दवाखान्यात दाखवायला बारामतीला गेलेली, ऋषिराज दुसऱ्या शिफ्टला. डेअरीची गाडी सहाला येणार. कास तटतटलेली, मशीन बंद. कुशाबाईनं एकदा खांबाकडं बघितलं. पिवळी टोपी जागेवर. हिंदुराव खुर्चीत. लाईट नाही. म्हणजे सगळं कसं सुखरूप.

ती जिना उतरली, वायरीची एक पिन जनरेटरात घातली, दुसरी बोर्डात. दोरी दोनदा ओढली, तो खोकला. तिसऱ्यांदा तिनं पाय रोवून, आजीचं नाव घेऊन ओढली. जनरेटर धडधडला, गोठ्यातला बल्ब पेटला. पडवीत लाल स्पंजाची राखी आपल्या दांड्याला घट्ट धरून होती.

बल्ब पेटला तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. खांबाकडून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला, जनरेटर गुरगुरला, गुदमरला आणि बंद पडला. ट्रॅक्टरवाल्याची आरोळी ऐकू आली, "आबा! झुंबरआबा!"

कुशाबाई साठी ओलांडलेली बाई. गुडघे दोन्ही गेलेले. पण त्या दिवशी ती उसाच्या पाचटातून अशी धावली की मागून येणारे आप्पासाहेब दोनदा पडले. धावता धावता तिनं फोन लावला.

"सोडलीस व्हय रं मुडद्या! सोडलीस लाईट!"

"अक्का, बंद हाय! आईच्यान बंद हाय! मी खुर्चीतच हाय!"

खांबावर झुंबर पट्ट्याला रेलून, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून होता. डोळे मिटलेले. खाली साखळीचा गज काळा पडला होता आणि त्याच्या भोवतीचं गवत धुमसत होतं.

"झुंबऱ्या!"

तिनं शिडी दोन्ही हातांनी धरली.

"आरं झुंबऱ्या!"

"वरडू नगंस अक्का," वरून आवाज आला, अगदी बारीक. "जिता हाय."

एकेक पायरी चाचपत तो खाली आला. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसला. मग त्यानं विचारलं, "जनरेटर कुणाकडं हाय?"

"आमच्यात हाय," कुशाबाई म्हणाली. "पण त्याचा हितं काय..."

आणि तिथं ती थांबली. कुशाबाई वाक्याच्या मध्ये थांबली ही गोष्ट सणसरात पहिल्यांदाच घडली. तीन खांबांची तार, तारेवर एकच घर, हिंदुराव खुर्चीत. एवढा हिशेब तिलाही जमत होता.

झुंबर गोठ्यात गेला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बघितली. पडवीत गेला. मेन वर. मेनवर राखी, डब्यातून उडालेल्या ठिणगीनं एका बाजूनं जळलेली. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"ही माझी?"

"तुझीच," आप्पासाहेब म्हणाले. ढोपर खरचटलेलं, पटका हातात. आणि मग जे चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. न विचारता सांगितलं. "पोरं सरकवून ठेवत्यात ती. मेन खाली घेत्यात. हिला म्हाईत न्हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं?" कुशाबाईचा आवाज फुटला.

"तुला सांगायची छाती कुणाची?"

कुशाबाई गव्हाणीच्या कडेवर बसली. चार वर्षं तिनं हा भाऊ हजार वेळा मारला होता. कधी हिंदुरावाला डुलकी लागून, कधी गंजलेल्या खांबावरून, कधी वळवाच्या विजेनं. टाकीला धरून तिनं सगळी मरणं तपासून ठेवली होती, एकूण एक. त्यात स्वतःच्या हातानं दोरी ओढून आलेलं नव्हतं.

झुंबरनं पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावला तेव्हा तो दातांवर टकटक वाजायला लागला. त्यानं दुसऱ्या हातानं धरला तरी वाजतच राहिला. कुशाबाईनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

तांब्या खाली ठेवून झुंबर म्हणाला, "अक्का, केरसुणी कुठं हाय?"

ती उठली. कोपऱ्यातली केरसुणी आणली, त्याच्यापुढं ठेवली आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. एवढी मोठी बाई, पाच वर्षांच्या पोरासारखी, खांदे आवळून.

झुंबरनं केरसुणी उचलली आणि जनरेटरला एक ठेवून दिली. सहाही गाई दचकल्या.

"उंबऱ्यापत्तुर न्यायला पायजे ह्याला," तो म्हणाला. "पण जड हाय."

कुशाबाई हसली का रडली ते आप्पासाहेबांनाही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच पदरात झालं.

"धारा हातानं काढ," झुंबर उठत म्हणाला. "मी तार जोडून येतो."

"परत चढतोस?"

"मग? खाली बसून जोडू?"

झुंबरनं हुकावरची गाठ सोडली, राखी खिशात घातली, मेनचा दांडा खाली ओढला आणि निघून गेला. कुशाबाई गच्चीवर गेली नाही. गोठ्यातच, वायरीची दोन्ही टोकं दोन मुठींत धरून बसली. गाई हंबरत राहिल्या, आप्पासाहेबांनी धारा काढल्या, निम्मं दूध त्यांच्या धोतराला मिळालं. सव्वासहाला तिचा फोन वाजला. हिंदुराव.

"अक्का, झुंबरचा फोन येऊन धा मिनटं झाली. तुमचा न्हाय आला. सोडू का लाईट?"

"मला काय इचारतोस?" कुशाबाई म्हणाली. "चढला तो, उतरला तो. त्याला इचार."

हिंदुरावानं फोन कानापासून लांब धरून नंबर बरोबर आहे का ते बघितलं म्हणतात.

तुम्हाला वाटेल, गावाची दहा मिनिटं वाचली. वाचली, तीन दिवस. चौथ्या दिवशी कुशाबाईनं आप्पासाहेबांच्या मोटरसायकलवर मागं बसून सगळं गाव पालथं घातलं आणि जनरेटरवाली घरं शोधून काढली. अकरा निघाली. अकराही नंबर फोनमध्ये घातले. आता लाईट गेली की झुंबर शिडी लावायच्या आधी अकरा फोन वाजतात. "मेन खाली घेतला का? फोटू पाठव." फोटो आल्याशिवाय ती सोडत नाही. गेल्या आठवड्यात मोहितनं सलूनमधूनच घरच्या मेनचा जुना फोटो परत पाठवला. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून महिना ओळखला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला. हिंदुराव म्हणतो, पूर्वी दहा मिनिटं मागं जायची, आता वीस पुढं जातात. पण हेही तो हळू म्हणतो, कारण काळी गाय पुन्हा गाभण आहे.

गच्चीवर ती परत जायला लागली आहे. पण आता हिंदुरावाला फोन नाही. झुंबर खांबाखाली गाडी लावतो न लावतो तोच टाकीपाशी आवाज होतो.

"साखळी घेतली का रं?"

झुंबर पिशवीतून साखळी काढतो आणि हात वर करून दाखवतो. तिच्या तारेकडच्या कडीला लाल स्पंजाची राखी बांधलेली आहे. एका बाजूनं जळलेली, सोनेरी फूल काळं पडलेलं.

"ध्यान हाय नुसतं," कुशाबाई म्हणते. "बावळट." आणि तो खाली उतरेपर्यंत टाकीला धरलेला हात सोडत नाही.